आईची परवानगी, वनखात्याची पावती

भंडारदऱ्याला जायचं ठरल्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला तो मुंबईच्या गोवंडीतल्या आयांना भेटण्यात. आमची अभ्यासिका संध्याकाळी चालते, नववी ते बारावीची मुलं-मुली येतात. दिवाळीच्या सुट्टीत डोंगरात नेतो म्हटल्यावर मुलं एका पायावर तयार झाली. आयांनी मात्र आमची उलटतपासणीच घेतली. मुली कुठे झोपणार? कडी आतून लागते का? संडास घरात आहे की बाहेर? फोन लागतो का? सोबत बायका किती? बिबट्याचं फक्त एका वडिलांनी विचारलं, तेही जाता जाता.

संडासाचा प्रश्न इतक्या घरांत आला की आमच्यातली एक जण आधी मुक्कामाच्या गावी, रतनवाडीला, जाऊन घर पाहून आली आणि संडास-न्हाणीघराचे फोटो काढून आली. ते फोटो घरोघरी दाखवले, कडीसकट. डोंगराचे फोटो कुणी मागितले नाहीत.

‘मुलांना निसर्गात न्या’ असं सांगणारे लेख भरपूर येतात. त्यांत कडीचा उल्लेख नसतो. आणि निसर्ग दूर आहे म्हणून आमची मुलं तिथे पोचत नाहीत, हेही अर्धंच खरं. गोवंडीच्या पूर्वेला देवनारचं डम्पिंग ग्राउंड आहे, 1927 पासूनचं. त्याच्या पलीकडे ठाण्याची खाडी. तिथे 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि 2022 मध्ये खाडीला रामसार स्थळाचा दर्जा मिळाला. म्हणजे जगाने दखल घेतलेली पाणथळ जागा यांच्या घरामागे आहे. पण मध्ये कचऱ्याचा डोंगर, आणि पक्षी बघायची बोट सुटते पलीकडच्या काठावरून, ऐरोलीहून, तिकीट काढून. आमच्या मुलांनी फ्लेमिंगो पाहिलेत ते डोक्यावरून उडत जाताना. काही जण पुनर्वसनाच्या इमारतींत राहतात. दोन इमारतींमधली गल्ली इतकी अरुंद की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लागतो. अशा वसाहतींमधला कोंदटपणा आणि क्षयरोग यांचा संबंध दाखवणारा अभ्यासही झाला आहे. त्या घरांतल्या मुलांना ‘मोकळी हवा’ हा विषय समजावून सांगावा लागत नाही.

शनिवार

हार्बरने कुर्ला, तिथून कसारा लोकल. सकाळची उलट्या दिशेची गाडी, त्यामुळे चक्क बसायला जागा. आसनगाव गेल्यावर दोन्ही बाजूंना कापलेली भातखाचरं दिसू लागली आणि दाराशी उभं राहण्यावरून भांडणं. मी सांगितलं की मुंबईला पाणी येतं ते याच भागातून, तानसातून तर 1892 पासून येतंय. भातसा, वैतरणा नंतरच्या. अकरावीतला एक मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “हमारे यहाँ तो थोडी देर आता है. बाकी का कौन पीता है?” नागरिकशास्त्राच्या तासाला इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही.

कसाऱ्याहून जीप. घाटात दोघांना उलट्या झाल्या, लिंबं आणली होती ती कामी आली. इगतपुरी, घोटी, मग उजवीकडे कळसूबाईची रांग ठेवून बारी आणि शेंडी. अभयारण्याच्या नाक्यावर माणशी पैसे भरून पावती घ्यायची असते. रक्कम मोठी नव्हती, पण मुलांना पावतीच खटकली. जंगलात शिरायचं तिकीट? एकीने नाक्यावरच्या गार्डकाकांना सरळ विचारलं, “जंगल कोणाचं आहे?”

“सरकारचं,” काका म्हणाले.

“आमचं,” आमचा जीपवाला दादा म्हणाला. दोघं एकमेकांकडे बघून हसले. हा वाद त्यांच्यात जुना असावा.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986 चं. दादाचं गाव त्याच्या कितीतरी आधीचं. खालचं विल्सन धरण, म्हणजे भंडारदऱ्याचंच, 1926 मध्ये पुरं झालं, त्याचं पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली संगमनेर-श्रीरामपूरकडे जातं आणि तिथे ऊस उभा राहतो. दादा महादेव कोळी समाजातला. गाडी चालवता चालवता त्याने राघोजी भांगऱ्यांची गोष्ट सांगितली. याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी सावकारांविरुद्ध आणि कंपनी सरकारविरुद्ध उठले, आणि 1848 मध्ये त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. ठाण्याचा तुरुंग म्हटल्यावर मागच्या सीटवर एकदम चैतन्य आलं. ठाणं म्हणजे आपल्याकडचंच! कुणाच्या तरी मामाने तो बाहेरून बघितलेला होता. इतका वेळ खिडकीबाहेरचं सगळं परकं होतं, ते पहिल्यांदा यांच्या नकाशाला जोडलं गेलं.

रतनवाडीला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. जेवणात नागलीची भाकरी, पिठलं, खुरासणीची चटणी. गटात सगळ्या धर्मांची मुलं, म्हणून शाकाहारीच सांगून ठेवलं होतं, म्हणजे कुणाच्या घरी कसलेच प्रश्न नकोत. काहींना नागलीचा काळपट रंग बघूनच नको झालं. त्यांनी भातावर भागवलं आणि नंतर बिस्किटांवर.

मुलांना रात्रीची शांतता ऐकवायची असं मी मनाशी ठरवून आले होते. पण तो शनिवार होता. धरणाच्या काठावर तंबूंची रांग, शेकोट्या आणि स्पीकर. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. साडेदहाला पलीकडून ढोलाचा ठोका सुरू झाला तसा एकाने अंथरुणातून डोकं वर काढलं: “दीदी, इथे पण डीजे?” सगळे खिदळले. मला मात्र राग येत होता आणि अजूनही येतो. अभयारण्यात शिरायची ऐपत ज्यांच्याकडे सहज आहे, ते तिथे शहरच घेऊन येतात. मेअखेरीस काजव्यांच्या दिवसांत तर रस्त्यावर गाड्यांच्या दिव्यांची रांग लागते आणि काजवे बिचारे झाकोळून जातात.

रविवार

आज काहीच कार्यक्रम ठेवला नव्हता. यावरून आम्हा मोठ्यांत आधी वाद झाला होता. एकाचं म्हणणं, एवढा खर्च करून नेतोय तर पक्षी ओळखणं, चित्रकला, गटचर्चा, काहीतरी हवं. मी हट्टाने नाही म्हटलं. या मुलांचा शाळा, क्लास, घरकाम, पाणी भरणं असा सगळा दिवस कुणीतरी आखलेला असतो. इथे तरी तक्ता नको.

सकाळी अमृतेश्वराच्या देवळात गेलो. शिलाहारांच्या काळातलं कोरीव काम, झंज राजाच्या बारा शिवालयांपैकी एक अशी याची ख्याती. पुष्करिणीच्या कोनाड्यांत मुलांनी फोटो काढले. मागे रतनगड, त्याच्या माथ्यावरचं नेढं म्हणजे कड्याला आरपार पडलेलं भोक. तिथून उगम पावणारी प्रवरा देवळाजवळ इतकी लहान असते की तिच्यावरून उडी मारता येते. सगळ्यांनी मारली, दोघांनी मुद्दाम पाण्यात.

मग दोन तास नुसता कंटाळा. नेटवर्क नाही, खेळ नाही. “आता काय करायचं?” हा प्रश्न दर दहा मिनिटांनी. मी पुस्तक घेऊन बसले आणि हळूच बघत राहिले. मला एक गोष्ट दिसत होती, ती आधी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. मुलं प्रत्येक गोष्टीला परवानगी मागत होती. इथे बसू का? या झाडाला हात लावला तर चालेल? पाण्यात पाय? त्या टेकाडापर्यंत गेलं तर कोणी ओरडेल का? मुंबईत आमच्याजवळच्या बागेत हिरवळीवर चालू नये अशी पाटी आहे, दुपारी फाटकाला कुलूप असतं, आणि चारपाच मोठी मुलं एकत्र बसली की वॉचमन हटकतोच. उघड्यावर असलं की आपल्याला कुणीतरी उठवणार, हे त्यांच्या अंगात मुरलंय. त्यात मुलींचा प्रश्न आणखी वेगळा: “मी इथे आडवी झाले तर?” बारावीतल्या मुलीने खडकावर आडवं होण्याआधी चारी बाजूंना बघून घेतलं. मग झोपली, ओढणी तोंडावर घेऊन, भर उन्हात. तासभर.

अकराच्या सुमाराला कंटाळ्याला कोंब फुटले. शेजारच्या खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. दोन मुलं बघायला गेली, मग हात लावायला आणि मग तिथेच राहिली. घरच्या मावशींनी काहींना हिरड्याचं झाड दाखवलं. हिरडा गोळा करून विकणं हा इकडचा जुना आधार आहे. झाडीत वर शेकरूचं घरटं होतं. शेकरू आपला राज्यप्राणी, पण आमच्या मुलांना तो पुस्तकातल्या चित्रापुरताच ठाऊक. घरट्यात कुणी दिसलं नाही. “फ्लॅट आहे, मालक गावाला गेलाय,” असं एकाने जाहीर केलं.

दुपारी वाद घालणारा सहकारी शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “ठीक आहे, पण याने नक्की होतं काय?” मी त्याला दोन अभ्यास सांगितले. इंग्लंडमधला, 2019 चा, जवळजवळ वीस हजार लोकांचा: आठवड्यातून निदान 120 मिनिटं निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त सांगतात, मग ती मिनिटं एकदम घालवा की तुकड्या-तुकड्यांनी. आणि डेन्मार्कचा, त्याच वर्षीचा, नऊ लाखांहून जास्त लोकांच्या नोंदींचा: ज्यांचं लहानपण सगळ्यात कमी हिरवाईत गेलं, त्यांना पुढे मानसिक आजार होण्याचा धोका काही आजारांत 55 टक्क्यांपर्यंत जास्त आढळला, कुटुंबाची मिळकत वगैरे हिशेबात धरूनही.

“संबंध आहे म्हणजे कारण आहे असं नाही,” तो म्हणाला. गणित शिकवतो, म्हणणारच. आणि ते बरोबरच आहे. मी म्हटलं, चल, 120 मिनिटांचंच गणित कर. गोवंडीहून बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं जंगल, मुंबईतच. कुर्ला, दादर अशा गाड्या बदलत, रिक्षा धरून जायला दीड तास, यायला दीड तास. दोन तासांच्या झाडीसाठी तीन तास गर्दी. वर तिकीट, आणि घरी सांगायचं कारण. ‘अभ्यासाला जाते’ हे कारण चालतं, ‘झाडाखाली बसायला जाते’ हे चालत नाही. त्याने गणित केलं नाही, चहा आणायला गेला.

संध्याकाळपर्यंत तंबूवाले गाड्या भरून परत गेले. काठावर प्लास्टिकचे पेले राहिले, ते मुलांनी आपण होऊन उचलले नाहीत; आम्ही सांगितल्यावर कुरकुरत उचलले. रात्री आठलाच मिट्ट काळोख. आता खरा काळोख बघून काही जण घाबरले, संडासापर्यंत जायला तिघी-तिघी मिळून. पण अंगणात घोंगड्या टाकल्या आणि आकाश बघितलं तेव्हा आवाज थांबले. एका मुलाने विचारलं, “हे रोज असतं?” मावशी म्हणाल्या, “पावसाळ्यात नसतं, बाबा.”

ज्याच्याबद्दल मला सगळ्यात काळजी होती, तो दहावीतला मुलगा. गेल्या वर्षापासून त्याला झोप लागत नाही. घर पोटमाळ्यावर, खाली वडिलांचं शिवणयंत्र रात्री एकपर्यंत. तो त्या रात्री नऊला झोपला आणि सकाळी ओढून उठवावा लागला. यावरून मी कुठलाही निष्कर्ष काढत नाही. शिवणयंत्र नव्हतं, एवढंच कारण पुरेसं आहे. त्याला समुपदेशकाकडेही न्यायचंय, ते डोंगराने टळणार नाही.

सोमवार

पहाटे पाचला जीपने बारी, कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. सोमवार मुद्दाम निवडला होता, सुट्टीच्या दिवशी कळसूबाईच्या शिड्यांना रांग लागते. थंडी अशी की बोलताना वाफ. बहुतेकांकडे स्वेटर नव्हते, ते आम्ही गोळा करून नेले होते. बुटांचं मात्र सगळ्यांना जमलं नव्हतं. शाळेचे पीटीचे पांढरे बूट घालून अर्धे जण चढले आणि व्यवस्थित चढले. ट्रेकिंगचे महागडे बूट नसतील तर येऊ नका, असं सांगणारे लोक मला आवडत नाहीत. नखं कापा, सुकलेली वाट धरा, ओल्या दगडावर पाय जपून टाका. बस.

वाटेत थाळेमेळ लागतं. वाटाड्या दादाने तिथे बसवून कळसूची गोष्ट सांगितली. कळसू कामाला राहिली ती एका अटीवर: मी भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एके दिवशी पाहुणे आले आणि तिला भांडी घासायला लावली. तिने थाळेमेळला ती घासली, आणि मग डोंगर चढून जी गेली ती परत आलीच नाही. माथ्यावर तिचं देऊळ, नवरात्रात जत्रा.

मुलींनी ही गोष्ट ज्या तऱ्हेने ऐकली तशी कुठलीच ऐकली नव्हती. “पगार मिळायचा तिला?” “घरच्यांनी शोधलं नाही?” “एकटी राहिली वर? पाणी कुठून आणायची?” एक म्हणाली, “मी पण मम्मीला सांगून आले, चार दिवस भांडी भावाने घासायची.” आणि भाऊ घासतोय का? “फोन लागला की कळेल.” मग पहिल्या शिडीपर्यंत हाच विषय. महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखराला भांडी नाकारणाऱ्या मुलीचं नाव आहे, हे मी किती वर्षं ऐकत आले. गोवंडीच्या मुलींसोबत ऐकताना त्यातली भांडी दिसली.

लोखंडी शिड्या मजबूत आहेत, कठडे आहेत. तरी दुसऱ्या शिडीपाशी एक मुलगी थांबली. हात थंडगार, श्वास वरवर. आमचा एक उत्साही स्वयंसेवक “तू करू शकतेस!” असं ओरडायला लागला, त्याला मी पुढे पाठवला. तिला माथा नको होता, तिला तिथेच बसायचं होतं. एक ताई तिच्यासोबत थांबली. आम्ही परत येईपर्यंत दोघी कड्याच्या आडोशाला बसून संत्री खात होत्या आणि तिने ताईला घरातलं असं काही सांगितलं होतं, जे अभ्यासिकेत वर्षभरात सांगितलं नव्हतं. ते मी इथे लिहिणार नाही. त्यानंतर काय मदत करायची ते ठरवलंय, काम सुरू आहे.

शिखर 1646 मीटर. वर वारा इतका की टोप्या उडाल्या. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग, दक्षिणेकडे भंडारदऱ्याचं पाणी, रतनगड, लांब हरिश्चंद्रगड. मी नावं सांगत होते, मुलं मोबाइलला रेंज आल्याच्या आनंदात होती. वर नेटवर्क येतं! सगळ्यांनी घरी व्हिडिओ कॉल केले. आधी मला जरा वाईट वाटलं, मग ऐकू येऊ लागलं ते असं: “अम्मी, वो नीचे देख, पानी… नहीं, रुक, उधर…” एकेक आई सहा इंचांच्या पडद्यावर सह्याद्री बघत होती. एका आईने विचारलं, जेवलास का. सगळ्याच विचारतात.

आणि हो, भाऊ भांडी घासत नव्हता. शेजारणीने घासली.

उतरताना गुडघे बोलायला लागले. बारीत चहा, वडापाव, आणि जीपमध्ये सगळे एकमेकांच्या अंगावर पडून झोपलेले.

मंगळवार

सकाळी साम्रद. सांदण दरीच्या तोंडापर्यंतच गेलो, आत पाण्याचे डोह असतात आणि पुढे दोर लागतो, तो आमचा विषय नव्हता. दोन काळ्या भिंतींच्या मधल्या भेगेत शिरल्यावर एकाने वर बघून म्हटलं, “आमच्या बिल्डिंगच्या मधे असंच दिसतं.” बाकीचे हसले, मी नाही.

इथे आमच्याबरोबर गावातली तीन-चार मुलं आली होती. सुट्टीच्या दिवसांत पर्यटकांना वाट दाखवतात, सामान उचलतात. आमच्या मुलांपेक्षा एखाद-दोन वर्षांनीच मोठी. त्यांना झाडांची नावं तोंडपाठ, खडकावर पाय न बघता पडतात. शहरी लेखांतून अशा मुलांना ‘निसर्गाच्या कुशीतली’ म्हणायची पद्धत आहे. पण त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं की तू नुसताच, कामाशिवाय, इथे कधी येतोस, तर तो गोंधळला. येतो तो शनिवार-रविवारी, लोकांच्या बॅगा घेऊन. बाकीचे दिवस कॉलेज, तेही लांब, आणि एसटीच्या वेळेवर. अकरावीतली एक मुलगी तर दरीत पहिल्यांदाच उतरत होती. गावची असून. “पोरी कशाला जातील तिकडं,” ती म्हणाली, आईच्या आवाजाची नक्कल करत. आमच्या मुलींनी तिला लगेच आपल्यात घेतलं. या बाबतीत दोन्हीकडच्या आया एकाच शाळेत शिकल्यात.

निघताना तिने विचारलं, “मुंबईत समुद्राला हात लावता येतो का? की तिकडंबी पावती?”

पावती नाही, जुहूला सरळ जाता येतं, दादरला जाता येतं. तर मग आम्ही येऊ का, तिचा पुढचा प्रश्न. तुम्ही आमच्याकडे राहिलात, आम्ही तुमच्याकडे राहू.

जीपमध्ये कुणी फार बोललं नाही. कसारा लोकलमध्ये मात्र जुंपली. यायचं म्हणतात तर राहणार कुठे? दहा बाय दहाच्या खोलीत आमचीच सहा माणसं. “मुली माझ्याकडे, आम्ही बाहेर गॅलरीत झोपू.” “तुझ्याकडे संडास कॉमन आहे, त्यांच्या आया नाही पाठवणार.” “अभ्यासिकेत झोपतील, पंखे आहेत.” “तिथे आतून कडी लागत नाही.” मग सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, कडी बसवून घेऊ, सुताराला किती लागतात ते विचारा. गणितवाल्या सहकाऱ्याने वही काढली. कल्याण येईपर्यंत कडी, गाद्या, माणशी एसटी-लोकलचं भाडं असा आकडा तयार झाला, आणि तो कुणाकडे मागायचा यावर ठाण्यापर्यंत भांडण.